व्हिडिओत मनुबाई नव्हत्या

मला सिनेमा करायचा होता, आणि मी करत होते लग्नं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा वैताग कुणाला टोचायला नको. बेळगावात शहापूरला राघवेंद्रसरांचा स्टुडिओ आहे, तिथं मी गेली तीन वर्षं एडिटिंग करते. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या कंग्राळीच्या कुस्त्यांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर जोडला होता, तो कुणीतरी सरांना दाखवला. सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "नीलम, कापायचं तुला कळतंय. का कापायचं ते शिकवतो, ये." मला वाटलं, झालं आपलं काम, दोन वर्षांत फिल्म. कसली फिल्म आणि कसलं काय. पहिल्या दिवशी समोर आलं उचगावचं एक लग्न. अकरा तासांचं कच्चं फुटेज, त्यातले चार तास नुसत्या पंगती.

हे सगळं बघायचं, कापायचं, जोडायचं, वर गाणी चढवायची आणि दीड तासाचं करून पेनड्राइव्हमध्ये घालून द्यायचं. मधेमधे गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या. पाकळ्यांवरून माझं आणि सरांचं पहिल्या महिन्यात तीनदा वाजलं, तिन्ही वेळा पाकळ्याच जिंकल्या.

लग्नाच्या व्हिडिओचे काही नियम असतात, ते कुणी लिहून देत नाही. नवऱ्याच्या मामाला वगळलं तर फोन येतो. घास घेताना कुणाचं तोंड उघडं राहिलं तर फोन येतो. आणि हळदीत, ओटी भरताना किंवा अक्षतांच्या वेळी एखादी विधवा बाई दिसली तर फोन येतोच येतो. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत ऐकून घ्यावं लागतं. आमचे कॅमेरामन शामूमामा पंचवीस वर्षं लग्नं शूट करतायत, ते तशी बाई समोर आली की कॅमेरा हळूच दुसरीकडं वळवतात. चुकून आलीच तर मी कापायची. कपाळ बघायचं आणि मनगट बघायचं, लगेच कळतं. मला एक सेकंदसुद्धा लागायचा नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेगाचा मला गर्व होता.

माझी स्वतःची आई विधवा आहे. मी नऊ वर्षांची असताना आमचे आप्पा गेले. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घेऊन मी तीन वर्षं फिरत होते, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नाही. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

जुलैतल्या एका बुधवारी दुपारी स्टुडिओत एक बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पदर पावसानं भिजलेला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आमचाच पेनड्राइव्ह. खुर्चीत बसा म्हटलं तर अगदी कडेला टेकल्या.

"निपाणीस्नं आलोय," त्या म्हणाल्या. "ऋतिकाची आई मी, मनुबाई. मे म्हैन्यात लगीन झालं न्हवं तिचं, चिकोडीच्या साईराजसंगं."

आमच्याकडं बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो असंच बोलतात, माझी आईपण तसंच बोलते. मला ऋतिका लगेच आठवली. गोरीशी, हसली की गालाला खळी पडणारी. साईराज आठवला, त्याच्या मावशीच्या तिन्ही जावा आठवल्या. तीन आठवडे त्या लग्नावर काम केलं होतं मी. पण ऋतिकाची आई काही केल्या आठवेना.

"व्हिडिओ लई चांगला झालाय," मनुबाई म्हणाल्या. "शेजारणीच्या टीव्हीवर तीनदा बघितला. पर मी कुठं न्हाय त्यात." मग जरा हसल्या. "मी हुतो की लग्नात."

मी उगीच माउस सरकवत बसले.

"तुमची चूक न्हाय, ताई. त्या कॅमेऱ्यावाल्या दादांना मीच सांगितलतं, माझ्यावर धरू नका म्हणून. मालक जाऊन चौदा वर्सं झाली. पोरीचं शुभकार्य, त्यात माझं तोंड कशाला? कन्यादानाला दीर-जाऊ बसले, मी आत स्वयंपाकाकडंच ऱ्हायलो. तवा मला तेच बरोबर वाटलं." त्यांनी पदराचं टोक पिळलं. "आता रविवारी ती मस्कतला निघाली. जावईबापू तिकडं हाटेलात हाईत. दोन वर्सं काय यायची न्हाय. मला म्हणाली, आई, तुझी आठवण आली की लग्नाचा व्हिडिओ लावून बघीन. आता ती लावंल, आणि त्यात आईच न्हाय. एकादा तुकडा असंल तर घालाल का त्यात? लांबचा असला तरी चालंल. पाठमोरा असला तरी चालंल."

पाठमोरा असला तरी चालंल, हे ऐकलं आणि माझे कान तापले. शनिवारपर्यंत करून देते म्हटलं, चहा पाजला आणि बस स्टँडच्या रिक्षात बसवून दिलं. परत आले ती तडक शामूमामांवर तुटून पडले.

"हात जोडलं गं तिनं," ते म्हणाले. "आता हात जोडलेल्या बाईवर कॅमेरा कसा धरू, तूच सांग."

मामांनी तिच्याच सांगण्यावरून तिला सोडलं होतं. मी न विचारता कापलं होतं.

दोन महिने झाले की कच्चं फुटेज पुसून टाकायचं हा स्टुडिओचा नियम. पुसायचं काम माझ्याकडं, आणि मी पहिल्या नंबरची आळशी, म्हणून ते लग्न अजून हार्ड डिस्कवर शिल्लक होतं. सरांना सांगितलं तर ते आधी नाहीच म्हणाले. एकदा दिलेलं काम परत उघडलं की ते संपत नाही, हे त्यांचं नेहमीचं. मी म्हटलं, "सर, त्या बाईला मी कापलंय. माझ्या हातानं." सर चहा पीत होते. त्यांनी कप संपवून खाली ठेवला.

"तुझ्याकडच्या दुसऱ्या लग्नाचं मी बघतो," मग म्हणाले. "तू हे कर. आणि चित्र बघायच्या आधी नुसता आवाज ऐक. माणूस चौकटीत नसलं तरी आवाजात असतं."

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, दोन काड्या निवडल्या आणि विचारलं, "आई, आपल्या काकांच्या विक्रमदादाच्या हळदीला तू कुठं होतीस?"

"कुठं असणार? भाताकडं. आचारी काय लक्ष देत्यात व्हय?"

"आणि अक्षता पडताना?"

"तवाबी तिथंच. का गं?"

"दादाच्या व्हिडिओत तू नाहीस."

"असू दे की," आई म्हणाली. "तू केलायस न्हवं तो? लई चांगला केलायस. शेजारच्या रुक्माबाईच्या सुना परत बघायला मागत हुत्या."

ती माझं कौतुक करत होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी तिच्यावरच ओरडले, की तुला कधी काही वाटतच कसं नाही. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "वाटतं की," म्हणाली. "तुला सांगून काय करू? तुझं काम हाय ते." मग माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या, कारण मी पानं टाकून देठं ठेवत होते.

गुरुवारी सकाळी हेडफोन लावले आणि हळदीचं फुटेज उघडलं. दिलेल्या व्हिडिओत मी या भागावर एक तयार गाणं चढवलं होतं, ढोल आणि व्हायोलिनचं. त्यात बाया हळद लावताना नुसते ओठ हलवताना दिसतात. ते गाणं बाजूला केलं, पडदा काळा केला आणि मूळचा आवाज ऐकत बसले.

बाया हळदीची गाणी म्हणत होत्या. पण बाहेर बसलेल्यांपैकी एकीलाही गाणं धड येत नव्हतं. प्रत्येक ओळ आधी लांबून, आतून येत होती, एकाच बाईच्या आवाजात, आणि मग बाहेरच्या सगळ्याजणी ती उचलत होत्या. आवाज जरा चिरका, पण सुराला पक्का. ऋतिकाचं नाव घालून, तिच्या बाबांचं नाव घालून, निपाणीच्या त्यांच्या गल्लीचं नाव घालून ओळ यायची. मधेच गाणं थांबलं आणि तोच आवाज म्हणाला, "हळद संपली व्हय गं? थांबा, फडताळात आणखी हाय." भांड्याचा आवाज झाला आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू झालं. बावीस मिनिटं मनुबाई आतून गात होत्या. बावीस मिनिटं मी व्हायोलिननं झाकली होती.

मी तीनदा ऐकलं. शेवटी सरांना हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, "हं" म्हणाले आणि हेडफोन परत दिले.

मग चित्र लावलं. हिरव्या चुड्यांनी भरलेल्या हातांची नुसती गर्दी, आणि दाराच्या चौकटीतून एक मोकळा हात हळदीची वाटी पुढं करतो आणि मागं जातो. बोटांची टोकं तपकिरी, जन्मभर विड्या वळलेली. हा हात चार वेळा आला होता. मी चारही वेळा कापला होता. मग पाण्याची घागर नेताना एक पाठ. पंगतीच्या अगदी मागं वाढप्यांत एक ओळखीचा पदर. ओटी भरताना दाराआडून अर्धा चेहरा, हसणारा.

पण नुसते तुकडे लावले तर ते हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखं दिसत होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत मी ते सात-आठ वेळा जोडलं आणि मोडलं. वैतागून परत मूळ फुटेजला गेले, नुसती ऋतिका बघायला. आणि तिथं मला दिसलं की हळद लागताना ऋतिका सारखी उजवीकडं बघते. शामूमामा म्हणतायत, "इकडं बघ, बाळ," बाया हनुवटी धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडं वळवतायत, आणि दोन मिनिटांत तिची नजर परत उजवीकडं. हे सगळे शॉट मी नवरी भलतीकडं बघते म्हणून टाकून दिले होते. उजवीकडं स्वयंपाकघराचं दार होतं.

मी ऋतिकाची नजर लावली. तिच्यापुढं दार लावलं. दारापुढं तो हात. खाली मनुबाईंचं गाणं. परत ऋतिका, आणि आता ती हसली. मूळ फुटेजमध्ये ती हसली होती दुसऱ्याच कशाला तरी, वीस मिनिटांनंतर, पण इथं ती आईकडं बघून हसली. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, मायलेकी एकमेकींशी बोलतायत. मी खुर्ची मागं सरकवून तशीच बसून राहिले. तीन वर्षं मी सिनेमा सिनेमा करत होते, आणि दोन तुकडे शेजारी ठेवले की त्यांच्यामधे माणसाच्या मनातलं दिसतं, एवढी साधी गोष्ट मला त्या दुपारी कळली. आनंदानं मी शामूमामांच्या पाठीत धपाटा घातला. ते बिचारे बॅटऱ्या मोजत होते.

त्या धपाट्यानंच त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "दुसरा कॅमेरा बघितलास का? पाठवणीला मी छोटा घेऊन गाडीबरोबर गेलतो. मोठा स्टँडवर तसाच चालू ऱ्हायला. सर बोलतील म्हणून कुणाला बोललो न्हाय."

त्या कॅमेऱ्यात चाळीस मिनिटं रिकामं कार्यालय होतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या, खाली चुरगळलेली सतरंजी, खुर्च्या रचणारी माणसं. नवव्या मिनिटाला मनुबाई आल्या. इकडंतिकडं बघितलं. खाली वाकून सतरंजीवर पडलेल्या अक्षता एक-एक करून वेचल्या, मूठभर झाल्या तेव्हा स्टेजसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ऋतिकाच्या रिकाम्या खुर्चीवर टाकल्या. तीन वेळा, थोड्या थोड्या. मग स्टेजच्या पायरीवर बसल्या, पदर तोंडात धरला आणि रडल्या. आवाज न करता, सगळं अंग गदगदत होतं. कॅमेरा आपला बघत होता.

मी तो शॉट शेवटी लावला, एक मिनिट दहा सेकंद. ना गाणं, ना काही. सरांनी बघितलं आणि उठून बाहेर गेले. असा शॉट मी आयुष्यात परत जोडीन की नाही माहीत नाही, इतका तो चांगला झाला होता.

शनिवारी लॅपटॉप घेऊन मी स्वतः निपाणीला गेले. पाऊस लागून राहिला होता. मनुबाईंचं घर दोन खोल्यांचं. ऋतिका सासरी चिकोडीला होती, संध्याकाळी आईचा निरोप घ्यायला येणार होती. मनुबाई भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि लावला. त्या बघत बघत विड्या वळत होत्या. पान, तंबाखू, बोटांची गुंडाळी, दोरा, सगळं न बघता.

गाणं सुरू झालं आणि हात थांबले.

"ह्यो माझा आवाज," त्या म्हणाल्या.

"हो, मावशी."

"सगळा ठेवलाय?"

"सगळा. त्या हिशेबानं बाकीच्या बायाच बेसूर आहेत."

त्या हसल्या. स्वतःचा हात पडद्यावर बघून मांडीवरच्या हाताकडं बघितलं. "कसला काळा दिसतोय बघ," म्हणाल्या, पण नजर काढली नाही. ऋतिका दाराकडं बघून हसते तिथं त्यांनी मला परत मागं घ्यायला लावलं. "माझ्याकडं बघत हुती व्हय गं ही? मला आतनं दिसतच नव्हतं." मी खरं काय ते सांगितलं नाही. बघत तर ती होतीच.

मग शेवटचा शॉट आला. अक्षता टाकल्या तिथं मनुबाईंचा चेहरा बदलला. पायरीवर बसून रडल्या तिथं त्यांनी हात पुढं करून लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"हे काढ."

"मावशी, सगळ्यात चांगलं तेच आहे त्यात."

"चांगलं हाय म्हणूनच काढ म्हणतो. परमुलखात एकटी बसून बघंल ती. जावईबापू कामावर गेलेलं. कोण हाय तिथं पाठीवर हात ठेवायला?"

माझं डोकं तापलं. तीन दिवस मी या बाईला परत आणण्यासाठी मान मोडली होती, आणि आता ही बाई मला सांगते, मला काप. मी बरंच बोलले. तुम्ही पहिल्यांदा लपलात, आता परत लपताय, असंही बोलले, ते बोलायला नको होतं. मनुबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"लपत न्हाय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं ठेवलंय न्हवं मी? तेवढं एक माझं हाय. ते मला ऱ्हाऊ दे."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, तो शॉट काढला. व्हिडिओ आता ओटीच्या वेळच्या त्या अर्ध्या चेहऱ्यावर, हसण्यावर संपत होता. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. निघताना त्यांनी विचारलं, "पुसलंस न्हवं ते?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. तो तुकडा स्टुडिओतल्या डिस्कवर होता आणि मला तो पुसवणार नव्हता.

रविवारी ऋतिका गेली. सोमवारपासून मी परत पाकळ्या उडवायला लागले. फक्त एक झालं, आता फुटेजमध्ये कपाळ-मनगट बघून माझा हात आपोआप चालत नाही. आधी घरच्यांना फोन करते आणि विचारते. काहीजण शिव्या देतात. काहीजण म्हणतात, आईला विचारून सांगतो.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराच्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर ऋतिकाचा मेसेज आला. बोलून पाठवलेला, पाच मिनिटांचा. मागं मिक्सरचा आवाज. म्हणाली, "ताई, स्वयंपाक करताना मी आईचं गाणं लावतो रोज. ह्यांनाबी पाठ झालंय." बराच वेळ इकडचंतिकडचं बोलली. शेवटी मिक्सर बंद झाला.

"ताई, एक विचारू? पाठवणीला आई रडली न्हाय. सगळ्या आत्या, मामी रडल्या, आई नुसती उभी हुती. गाडीत सासूबाई म्हणाल्या, तुझी आई लई घट्ट गं बाई, डोळ्यातनं टिपूस न्हाय. सहज म्हणाल्या त्या. पर तवापास्नं ते डोक्यातनं जात न्हाय. मला सांभाळून सांभाळून कंटाळली हुती का, सुटल्यागत वाटलं का तिला? हितं एकटी असलो की हेच येतं मनात. तुमच्या कॅमेऱ्यात काय असंल तर सांगा. नसंल तरी सांगा."

मी मेसेज दोनदा ऐकला. डिस्क उघडली. मग बंद केली आणि मनुबाईंना फोन लावला. ऋतिका काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, सासूबाईंच्या वाक्यासकट. पलीकडं सुपाचा आवाज येत होता, तो थांबला.

"असं म्हणाली ती?" मनुबाई म्हणाल्या.

"हो."

"मी रडलो असतो तर ती गाडीत बसली असती व्हय? मागं फिरली असती. शाळंत घालताना असंच केलंतं. माझ्या डोळ्यात पाणी बघितलं आणि दोन म्हैनं शाळंत गेली न्हाय." सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. "पुसलं न्हवतंस न्हवं तू ते?"

"नाही, मावशी. चुकलं माझं."

"बरं केलंस." त्यांनी नाक ओढलं. "धाड तिला."

"नक्की?"

"धाड म्हणतोय न्हवं. पर खाली एक लिव. त्यानंतर आई जेवली, असं लिव. न्हायतर ती पोरगी तिकडं उपाशी बसंल."

मी फोन ठेवला आणि तो कॅमेरा पुन्हा शेवटपर्यंत बघितला. मनुबाई पायरीवरून उठल्या, तोंड पुसलं, पदर खोचला. राहिलेलं जेवण डब्यांत भरून खुर्च्या रचणाऱ्या माणसांना दिलं. आचारी भांडी घेऊन गेले. मनुबाईंनी सतरंजी झाडली, घडी केली, पाण्याचा एक ग्लास प्याल्या आणि दिवे बंद करायला गेल्या. चाळीस मिनिटं संपली. त्या जेवल्या नव्हत्या.

मी शॉट काढला, एक मिनिट दहा सेकंदांचा. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, त्यानंतर आई जेवली. आणि मस्कतला पाठवून दिला.